रॉल्फसाहेबांचं ‘एकच’

सौदी अरेबियातल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर सगळ्यांच्या हातात चहा किंवा कहवा असायचा आणि रॉल्फसाहेबांच्या हातात कपभर नुसतं गरम पाणी. ते मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे, त्यात चहा-कॉफी वर्ज्य. अमेरिकेहून आलेला हा उंच, किंचित वाकलेला इंजिनिअर त्या पाण्यावर इतक्या प्रेमाने फुंकर घालायचा की आम्हा ड्राफ्ट्समन मंडळींना हसू आवरत नसे.

त्यांच्या पंथाबद्दल आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, चहा नाही आणि बायका पुष्कळ. नवा माणूस ओळख होताच विचारायचा, मग घरी किती? ती चाल आमच्याकडे कधीच बंद झाली, आता कोणी केली तर त्याला पंथाबाहेर काढतात, असं ते सुरुवातीला समजावून सांगत. पुढे कंटाळले. “एकच,” एवढं म्हणत आणि पाण्याचा घोट घेत.

ही थट्टा सर्वांत जास्त मीच करायचो. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात माझी आई दुसरी होती, आणि कोणी मला काही विचारायच्या आत मीच दुसऱ्याला विचारून मोकळा व्हायचो. अब्बांना परक्याने विचारलं की तेही ‘एकच’ म्हणत आणि नाव थोरल्या आईचं घेत. आत तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता माझी आई ते ऐकत असे.

इराकशी युद्धाची चिन्हं दिसू लागली तशी रॉल्फसाहेबांनी पत्नीला, एलनबाईंना, अमेरिकेला पाठवून दिलं. मग क्षेपणास्त्रं येऊ लागली. एका संध्याकाळी सायरन वाजला आणि आम्ही दोघे नकाशांच्या खोलीत सापडलो. खिडक्यांना टेप चिकटवलेली, तोंडावर गॅस मास्क. धोका टळल्यावर मास्क काढले. भीती घालवायला मला त्या जुन्या थट्टेशिवाय काही सुचलं नाही. “साहेब, आता तरी खरं सांगा, किती?”

त्यांनी थर्मासमधून कपात पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, “दोन.”

पहिली लिंडा, कॅन्सरने गेलेली. तिच्याशी लग्न त्यांच्या मंदिरात झालं होतं, आणि तसं लग्न मरणानंतरही टिकतं अशी त्यांची श्रद्धा. विधुराला दुसरीशीही ते बंधन बांधता येतं. म्हणजे वर गेल्यावर दोघी. त्यांची पणजी जुन्या काळात कोणाची तरी तिसरी बायको होती, तिच्या रडण्याच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकलेल्या. ते दुःख आणखी कोणाच्या वाट्याला नको, म्हणून एलनबाईंशी त्यांनी साधं, मरणापर्यंतच टिकणारं कोर्टातलं लग्न केलं.

“मला वाटायचं, मी तिला वाचवतोय,” ते म्हणाले. “पण विमानतळावर ती म्हणाली, मेल्यावर मी तुमची कोणीच नसेन का? हमीद, हे सगळं खलास झालं की तिला मंदिरात घेऊन जाणार आहे. तिला हे समोर गेल्यावरच सांगेन.”

मग मी त्यांना आईबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्यांनी आपला पाण्याचा कप माझ्यापुढे सरकवला.

युद्ध संपलं. तिकीट काढून झालं होतं, रजेला चार दिवस उरले होते, आणि रॉल्फसाहेब कामावर असताना खुर्चीतच गेले. हृदय थांबलं. समोरचा कप तसाच भरलेला होता.

महिन्याभराने मला एलनबाईंचं पत्र आलं. माझ्याबद्दल साहेबांनी त्यांना लिहिलं होतं. मंदिरातलं बंधन नवऱ्याच्या मागेही बांधता येतं, पण साहेबांच्या मनात नसेल तर आपल्याला ते करायचं नाही, असं बाईंनी कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं, “ते सगळ्यांना एकच सांगायचे. ती एक मी, की लिंडा, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही. तुमच्यापाशी ते काही बोलले होते का?”

ड्रॉइंग बोर्डावर डोकं टेकून मी रडलो. माझी आई हाच प्रश्न उराशी घेऊन गेली होती आणि तिला उत्तर देणारं कोणी नव्हतं.

उत्तर लिहिताना चार कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं, की तुम्हाला मंदिरात न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. आणि किती, असं मी त्यांना विचारलं होतं. ते दोन म्हणाले.