अर्धं तोंड

नगरपालिकेतली कारकूनबाई सासूला तराजूने मोजून जेवायला घालते, ही बातमी आधी नळावर पोचली, मग न्हाव्याच्या दुकानात. तिथे बातमीला मिशा फुटल्या. म्हणे, म्हातारीच्या ताटातला भात ती परत पातेल्यात ओढते. ओढत वगैरे काही नव्हती. तराजू मात्र खरा होता, आणि गल्लीने ठेवलेलं तागडीबाई हे नाव काही कोणी मागे घेतलं नाही.

लढाई नदीपलीकडे येऊन ठेपली तेव्हा नगरपालिकेने धान्यवाटपाचा तक्ता करायला घेतला. गोदामातलं धान्य किती तोंडांना किती दिवस पुरेल, एवढाच प्रश्न. मुख्याधिकाऱ्यांनी साठीपुढचं माणूस अर्धं तोंड धरलं. तागडीबाईला ते पटेना. घरातली म्हातारी दोघांचं एकटी बोलते, ती जेवणार अर्ध्याचं?

"बाई, तुमचं न पटणं मी कुठल्या रकान्यात लिहू?" साहेब म्हणाले.

म्हणून स्वयंपाकघरात तराजू आला. पंधरा दिवस तिने सासूचं ताट तोललं, उरलेलं तोललं. आकडा आला अर्ध्याहून थोडा कमीच. तिने मुकाट्याने कागद नेऊन दिला. साहेबांनी त्या दिवशी तिलाही चहा सांगितला.

दोन दिवसांनी सासूला माळ्यावरचा डबा हवा होता. तिने हात वर केला आणि मनगटात घट्ट बसणारी बांगडी सरसर कोपरापर्यंत घसरली. तागडीबाई बघत राहिली.

"आई, तुम्ही जेवत का नाही?"

"जेवते की. विचार तुझ्या तराजूला."

"खरं सांगा."

म्हातारीने बांगडी हळूच मनगटावर आणली. "तराजू घरात आला तेव्हाच समजले मी, धान्य संपत आलंय. सुनेला कशाला बोलायला लावायचं? पोरांना उरू दे म्हटलं."

तागडीबाईने डब्याचं झाकण उघडून दाखवलं. धान्य घरात होतं. तक्ता मात्र दुसऱ्या दिवशी सभेत मंजूर व्हायचा होता, आणि गावात साठीपुढची माणसं दोन हजारांवर होती. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? वजनं चोख होती, खाली सही तिचीच होती. आणि बोलल्यावर खोटं लिहिल्याचा ठपका आला तर नोकरी जायची, तीही अशा दिवसांत.

सभेत ती उभी राहिली. "माझा कागद रद्द करा. म्हातारी माणसं पूर्ण धरा."

नगराध्यक्षांनी चष्मा काढला. साहेबांचे कान लाल झाले. "म्हणजे वजनं खोटी लिहिलीत तुम्ही?"

"वजनं खरी आहेत, साहेब. तराजू बघून आमची म्हातारी जेवायची थांबली. हा तक्ता भिंतीवर लागला की गावातल्या सगळ्याच थांबतील."