गेटचा रंग गाडीच्या दाराला

“आधी ती शेगडी बाहेर काढ!” मी पोर्चच्या पायरीवरूनच ओरडलो.

गाडीच्या मागच्या दाराखाली पेटलेली शेगडी, तिच्यावर उपडी घातलेली टोपली, दारावर ओला रंग आणि शेजारी टर्पेंटाइनची उघडी बाटली. पावसाळ्यात आमच्याकडे लहान बाळाचे कपडे असेच टोपलीवर वाळवतात, ते ठीक. पण टर्पेंटाइन पेट घेतं हो! माझ्या अंगावर काटाच आला.

कुसुमने शेगडी उचलून मागच्या पडवीत नेली. “दोन दिस झालं भाऊ, रंग सुकंना. मी तरी काय करू?”

कुसुम माझ्या गावची, परंदवडीची. लग्न होऊन मळवलीला आली आणि बारा वर्षं या बंगल्याची देखभाल करते. मालकीण पुण्याच्या, निवृत्त डॉक्टर. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी सोमाटण्याजवळच्या एका बॉडी शॉपमध्ये एकतीस वर्षं टिंटिंग केलं. म्हणजे गाडीचा ठोकलेला भाग रंगवताना नवा रंग जुन्या रंगाशी जुळवायचा. पावसाळ्यात दर सोमवारी भुशी डॅमच्या गर्दीत घासून आलेल्या गाड्यांची आमच्या दारात रांग असायची. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. कसला सुटतोय!

मॅडमची सिल्व्हर गाडी दहा वर्षांची. ती बंगल्यावरच असते. गुडघ्यांमुळे मॅडमना क्लच दाबवेना, तेव्हा त्यांनी कुसुमला ड्रायव्हिंग क्लासला घातलं. शेहेचाळिसाव्या वर्षी कुसुम गाडी शिकली, लायसन्स काढलं. मॅडमच्या मुलाला, निखिलला, हे अजिबात पसंत नव्हतं. तो म्हणाला, “एक जरी ओरखडा दिसला ना आई, चावी परत घ्यायची.” मॅडम बरं म्हणाल्या. तिसऱ्याच आठवड्यात गाडी वळवताना डावं मागचं दार गेटच्या खांबाला घासलं. आणि रविवारी मायलेक दोघंही येणार होते. कुसुमने फोन करून बोलावलं आणि मी गेलो तो गुरुवार होता.

“नोकरीसाठी न्हाई रडत मी,” कुसुम म्हणाली. “चावीसाठी रडती. गाडी शिकताना समदी हसली मला. आता वस्तीवरची म्हातारी माणसं दवाखान्याला माज्याबरुबर जात्यात. मॅडमनीच सांगितलंय, नेत जा म्हणून. चावी गेली तर पुन्यांदा समदी हसत्याल.”

मला वाईट वाटलं. पण मी कामाचा माणूस, आधी दार बघितलं.

“हा कुठला रंग लावलास?”

“घरातलाच. सिल्व्हर.”

“घरातला म्हणजे?”

“गेटाला लावून उरलेला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. गेटचा अॅल्युमिनियम पेंट! डब्यावर सिल्व्हर लिहिलंय, गाडीच्या कागदावर सिल्व्हर लिहिलंय, संपला विषय. वर शेगडीची राख उडून त्यात चिकटलेली. दाराला इसब झाल्यासारखं दिसत होतं.

“हे बघ,” मी म्हटलं, “रंग मी जुळवून देतो. पण झाकायला मी आलेलो नाही. मॅडमना तू स्वतः सांगायचं.”

“सांगितलं की चावी गेली की वो!”

“ते तू बघ. मी बॉडी शॉपमध्ये झाकलेली कामं लय बघितलीत. सहा महिन्यांत सगळी बाहेर येतात.”

ती रुसली. पण बादली घेऊन आली.

गेटचा रंग अजून कच्चा होता, तेवढंच नशीब. टर्पेंटाइनच्या फडक्याने हळूहळू निघाला. खालचा ओरखडा चार बोटं लांब, पत्र्यापर्यंत गेलेला नव्हता. आतला पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाच्या खालचा थर, तेवढा दिसत होता. दार उघडून चौकटीवरच्या स्टिकरचा कोड उतरवून घेतला. गाडीचा रंग या कोडने मागायचा असतो, नावाने नाही. एकाच कंपनीच्या चार सिल्व्हर असतात.

संध्याकाळी लोणावळ्याहून कोडप्रमाणे रंग बनवून आणला. कुसुमला वाटलं, झालं काम.

“आता लावा की!”

“थांब. हा दहा वर्षांपूर्वीचा रंग आहे. तुझी गाडी दहा वर्षं उन्हात उभी आहे.”

शुक्रवारी सकाळी ओरखड्याच्या बाजूचा भाग आधी कंपाउंडने घासला, म्हणजे पॉलिशची पेस्ट. मळ निघाल्याशिवाय गाडीचा खरा रंग कळत नाही. मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे कापून त्यांवर रंग लावून बघितला. पहिला फार निळा. थेंबभर पिवळा टाकला. दुसरा समोरून जुळला, पण तिरकं बघितलं की काळा. सिल्व्हरमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, तो उजेड दोन्ही बाजूंनी वेगळा फेकतो. म्हणून समोरून बघायचं आणि गालाला गाल लावल्यासारखं बाजूनेही बघायचं. सातवा तुकडा ओलाच दारावर धरला तेव्हा कुसुम म्हणाली, “कुटं गेला?” म्हटलं, शाब्बास. जुळला.

आणि मग माशी शिंकली. सातवा तुकडा वाळला तो दुधाळ पांढरा! हवेत एवढी ओल की रंगातला थिनर उडताना ती ओल रंगात अडकते. आम्ही त्याला ब्लशिंग म्हणतो. आमच्या शॉपमध्ये गरम करायचे मोठे दिवे होते. इथे काय? मळवलीत श्रावणात कोरडी हवा कुठून आणू? मी चिडून पायरीवर जाऊन बसलो. शनिवार संध्याकाळच्या आत दार झालं नसतं, तर सगळी मेहनत पाण्यात.

“भाऊ, चिडू नगा,” कुसुम म्हणाली. “माज्या दिराकडं कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब हाय. लाल. त्यात जाळ न्हाई, राख न्हाई.”

मी ताडकन उठलो. अहो, एकतीस वर्षं जो दिवा वापरला, त्याचाच हा गरीब भाऊ! तिचा शेगडीचा विचारही चुकीचा नव्हता म्हणा. ऊब हवीच होती, जाळ नको होता. हे मी तिला मोकळेपणाने सांगितलं, तर तिने पहिल्यांदा हसून दाखवलं.

बल्ब खुर्चीला बांधून दारापासून दोन हात लांब ठेवला. दार गरम केलं. बल्ब बंद केला. बारीक ब्रशने ओरखड्याच्या आतच रंगाचा पातळ हात दिला. वास कमी झाला की पुन्हा बल्ब. असे चार हात. घाईने एकच जाड हात दिला की त्याचा ओघळ होतो. शेवटी वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. शनिवारी दुपारपर्यंत बल्बच्या उबेत ठेवून, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने सपाट करून पॉलिश मारलं. कुठेही पांढरं नाही.

रविवारी कुसुम मायलेकांना आणायला मळवली स्टेशनवर गेली. मीही बसलो बरोबर, रंग उघड्यावर कसा दिसतो ते बघायला. वाटेत तिने दोनदा आरशातून मागच्या दाराकडे बघितलं. मॅडमना सांगणार का, ते मी विचारलं नाही.

मॅडम आल्या. निखिलने दाराला हात घातला, तेवढ्यात कुसुम पुढे झाली.

“बसायच्या आधी सांगती मॅडम. गाडी गेटला घासली. माज्याच हातनं.”

“बघ! मी म्हणालो होतो!” निखिल पिशवी ठेवून गाडीभोवती फिरला. मागे वाकला आणि ओरडला, “हा काय, आई! बंपरवर!”

“तो न्हाई साहेब,” कुसुम म्हणाली. “तो आधीपास्नंचा हाय. माजा हितं.” तिने दारावर बोट ठेवलं.

निखिलने समोरून बघितलं, तिरकं बघितलं, हात फिरवून बघितला. काही दिसेना.

मॅडमनी विचारलं, “मग बंपरवरचा कोणाचा?”

कुसुम पदराने दार पुसू लागली. दर आठवड्याला गाडी तीच धुते. तिला माहीत असणारच. पण तिने नाव घेतलं नाही. शेवटी निखिलच म्हणाला,

“तो... माझा. होळीला आलो होतो तेव्हाचा.”

“अस्सं,” मॅडम म्हणाल्या. “मग चावी कोणाकोणाकडून काढून घ्यायची?”

निखिल गपचूप मागे जाऊन बसला. मॅडम पुढे बसल्या आणि म्हणाल्या, “चल कुसुम, भूक लागलीये.” मी चालत येतो म्हटलं.

या धंद्याचा एक नियम आहे. काम चांगलं झालं की ते कोणाला दिसत नाही. एकतीस वर्षं माझं एकही चांगलं काम कोणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं. ते त्या दिवशी कुसुमने दाखवलं, आणि तेही स्वतःची चावी पणाला लावून.