मोंबासाचा कौल

माझा थोरला भाऊ बोटीवर भांडारी होता, म्हणजे खलाशांसाठी स्वयंपाक करणारा. एका बोटीचा करार संपला की तो लगेच घरी येत नसे. ज्या बंदरात उतरला तिथेच काही महिने कुणाच्या तरी खानावळीत काम करी आणि मग दुसरी बोट धरी. बसरा, एडन आणि मोंबासा या तिन्ही ठिकाणी तो असा राहिलेला होता. देवबागला आमचे घर होते, तिथे आई होती आणि त्याची बायको होती. मी मुंबईत एका वर्तमानपत्रात बातम्यांच्या तारांच्या टेबलावर काम करीत असे.

सत्तावनच्या उन्हाळ्यात फ्लूची साथ पूर्वेकडून सरकत आली. आधी सिंगापूर, मग मद्रास, मग मुंबई, या क्रमाने त्या तारा माझ्या हाताखालून गेल्या. कचेरीत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. पावसाच्या आधी घर शाकारण्यासाठी दरवर्षी मिळणारी रजा मी घेतली, कोल्हापूरवरून एस.टी.ने फोंडाघाट उतरलो आणि गावी आलो. देवबागला तेव्हा साथीचे नाव पोचले होते, साथ पोचली नव्हती. लोक तिला बोटीवरचा ताप म्हणत.

मी आल्यावर थोड्याच दिवसांनी पलीकडच्या वाडीतला एक ख्रिस्ती खलाशी घरी आला. तो आणि माझा भाऊ एकाच बोटीवर होते. बोट दुरुस्तीसाठी अडकली होती आणि एडनला सगळ्यांना उतरवले होते. हा मुंबईमार्गे परत आला. भाऊ मागे राहिला.

वहिनी अंगणात छपरावर घालायला झापे विणत होती. भिजवलेल्या माडाच्या पात्यांचा ढीग तिच्यासमोर होता. तिने हात थांबवला नाही, पण मान वर केली.

"माझ्यावांगडा चल म्हणान कितके सांगलंय," खलाशी म्हणाला. "आयकता कोण? म्हणता, साथीचो काळ, कौल घेतल्याबिगर बोटीर पाय ठेवचंय नाय. माका म्हणालो, तू आपलो चर्चातल्या सायबाक हात जोड आणि जा, माझो देव देवबागात आसा."

"मगे तुझ्या सायबान तुका बरो आणल्यान," आई म्हणाली.

"आणल्यान नाय तर काय! वाटेत शिंकलंय सुद्धा नाय."

निरोप असा होता. एडनला फार दिवस काढता येणार नाहीत. बसऱ्याला ओळखीची खानावळ आहे, मोंबासाला आपल्याकडच्या माणसांची खोली आहे, एडनलाच आणखी थांबायचे म्हटले तर कसेबसे तेही जमवता येईल. ही साथ सरेपर्यंत कुठे राहावे ते देवाला विचारा आणि तारेने कळवा.

वाडीतले दर्यावर्दी लोक निघण्यापूर्वी कौल घेत, त्यात नवीन काही नव्हते. ग्रामदेवतेच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात. देवळाचा मानकरी गावकर गाऱ्हाणे घालतो, म्हणजे देवाला प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मात्र एका वेळी एकच घालायचा आणि तो हो किंवा नाही एवढ्यात उत्तर येईल असा हवा.

संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही प्रश्न ठरवले. तिन्ही ठिकाणांबद्दल वर्तमानपत्रातून मला जेवढे माहीत होते तेवढे मी सांगितले. ते फार नव्हते. खलाशाला जास्त माहीत होते. एडनला नुसता खडक आणि पाण्याची ओढ, बसऱ्याला खजूर आणि माश्या, असे तो म्हणाला. मोंबासाचे नाव निघाल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"थंय माड आसत, खाडी आसा, रेती आसा. सकाळी उठान बघलास तर वाटात देवबागच."

"देवबाग हय आसा," वहिनी म्हणाली. "दुसरो कित्याक व्हयो?"

सगळे हसले, खलाशी सर्वांत मोठ्याने. ती हसली नाही. थोड्या वेळाने ती आईला म्हणाली, "आये, घराक येवंदे काय, इतक्या पयला इचारा."

"ता इचारूचा नाय."

"कित्याक?"

"देवान 'ये' म्हटल्यान आणि वाटेत मुंबयत ताप लागलो, मगे बोल कोणाक लावतलंस? देवाक? असलो प्रश्न देवार टाकूचो नसता."

"हो इलोच मां मुंबयतसून," वहिनी खलाशाकडे बोट करून म्हणाली. "चांगलो टोणगो कसो."

"टोणग्याक ताप येना नाय, गो बाय," खलाशी म्हणाला. पुन्हा हसू झाले आणि विषय तिथे संपला. वहिनीच्या लग्नाला काही वर्षे झाली होती. त्यातले फार थोडे महिने भाऊ घरी होता. मूल नव्हते. त्या दिवशी तिने अंधार पडल्यावरही झापे विणणे सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकराने गाऱ्हाणे घातले आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय' म्हटले.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू परमुलखात अडाकला हा..."

"व्हय म्हाराजा!"

"थंय रोगराई पसारली हा. तेका खंयच्या बंदरात ठेवूचो, ता तू सांग..."

"व्हय म्हाराजा!"

एडनला डावा कौल पडला. बसऱ्यालाही डावा. मोंबासाची पाकळी बराच वेळ हलली नाही. गावकराने दुसऱ्यांदा गाऱ्हाणे घातले आणि उजवी पडली. आईने जमिनीला डोके टेकले. वहिनी देवळाच्या पायरीवर, बाहेर उभी होती.

तार करायला मी मालवणला निघालो तेव्हा ती होडीपर्यंत आली. आईही होती.

"भावोजी, तारेत काय लिवतलास?"

"मोंबासा."

"इतक्याच? एक शब्द माझो घाला. 'येवा' म्हणान."

मी काही बोलण्यापूर्वी आई म्हणाली, "देवाच्या शब्दात आपलो शब्द मिसळूचो नसता. तो गोंधळात पडतलो."

वहिनीने होडीच्या कडेवरचा हात काढून घेतला. तार एका शब्दाची गेली.

रजा संपून मी मुंबईला परतलो. पावसाळ्यात साथ देवबागला आली. ती कोणी आणली हे सांगता येत नाही, आणि गावात तसा शोधही कोणी घेतला नाही. बहुतेक घरांत माणसे आडवी झाली आणि बहुतेक उठलीही. आई उठली. वहिनीचा ताप उतरल्यासारखा वाटला म्हणून ती पडवीत गळत होते तिथे झाप सारायला शिडीवर चढली. भिजली. ताप पुन्हा आला आणि छातीत गेला. खाडीला तुफान होते, मालवणहून डॉक्टर आणायला होडी घालायला कोणी तयार होईना. वहिनी गेल्याचे मला कळले तेव्हा सगळे उरकले होते.

ही बातमी कळवणारी दुसरी तार मी मुंबईतून मोंबासाला केली. त्या तारेच्या उत्तरात भावाने पत्र पाठवले. ताप त्यालाही आला होता, खोलीतल्या सगळ्यांनाच आला होता, आणि आठवड्याभरात गेला होता. पुढे एडन आणि बसरा या दोन्ही ठिकाणीही साथ पोचल्याचे तारांवरून दिसले. तो येईल असे आम्हांला वाटले. तो आला नाही. त्या खोलीखालच्या खानावळीत त्याने कायमचे काम धरले. बोटही सोडली. आईने आधी मायेने, मग रागाने, शेजाऱ्यांकडून लिहवून घेऊन त्याला बोलावले. तो पैसे पाठवी, खुशाली कळवी. येण्याबद्दल काही लिहीत नसे.

एकोणीसशे साठ उलटून गेल्यावर तो एकदाच आला. केस पिकले होते. मीही तेव्हा गावी गेलो होतो. जेवण झाल्यावर तो ओटीवर, वहिनी झापे विणायला बसायची त्या जागेकडे तोंड करून बसला. साथीचा विषय आईनेच काढला. देवाने कसे वाचवले, असे ती म्हणाली.

"कौल कसे कसे पडले, आये?"

आईला सगळे पाठ होते. "एडन डावो. बसरो डावो. मोंबासा उजवो, पण वेळान."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी काय?"

"घराचो. घराचो डावो पडलो तो."

आई म्हणाली, "घराचा इचारूक नाय आमी."

त्याने आवाज चढवला नाही. "माका वाटला, पयला घराचाच इचारलास. कोणय पयला घराचाच इचारीत. देवान नको म्हटल्यान, म्हणान मोंबासा इला. ती गेली तेवा वाटला, देवाक आदीच म्हायत होता, ह्या घरात माझो पाय नको. म्हणान इलंय नाय."

"तिना सांगलेला," आई म्हणाली. "पयला घराचा इचारा म्हणान तीच म्हणा होती."

हे आईने सांगायची गरज नव्हती, पण तिने सांगितले.

"मगे आता इचारूया," आई म्हणाली. "उद्याच गावकराक बोलावतंय."

"आता इचारून कोणासाठी येव?"

तो त्यानंतर काही दिवस राहिला. पडवीवरची सगळी झापे काढून त्याने नवी घातली. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने देवळाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा त्याने फक्त नकारार्थी मान हलवली. मालवणच्या धक्क्यावर मी सोबत होतो. कौल न घेता गावाहून बोट धरण्याची त्याची ती पहिली वेळ.

आई होती तोपर्यंत दरवर्षी त्याच्या नावाने गाऱ्हाणे घाली. गावकर पाकळ्या भिजवून विचारी, प्रश्न काय घालायचा. ती म्हणे, "कायएक इचारू नुको. तो खंय आसा, इतक्याच देवाक सांग."