धडधाकट म्हणायचं नाही

अकोल्याच्या स्टेशनावर आम्हाला पोचवायला निम्मं गाव आलं होतं आणि त्या निम्म्या गावाला माझ्या सासूबाई एकच गोष्ट सांगत होत्या. "जाऊन तं राहिला बाप्पा, पन पोटाचा लय नाजूक हाय. लहानपनापासूनच." हे बाजूलाच उभे. गळ्यात हार, अंगात नवा शिवलेला कोट, आणि कोटाच्या बाह्या दंडावर तटतटलेल्या. पूर्णा या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जाणारा, ठेच्याबरोबर ज्वारीच्या भाकरी एकामागून एक रिचवणारा हा गडी, आणि म्हणे नाजूक. मी अमरावतीच्या शाळामास्तरांची मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पदराआड हसू दाबत उभी होते. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "शिकून ये. आन् तिकडं कोनासंग खोटं बोलू नोको." मग मुंबईकडे जाणारी गाडी आली आणि सगळ्यांनी मिळून आमच्या ट्रंका आत ढकलल्या.

तुम्ही सगळे, गावाकडे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, मला हमखास विचारता की अमेरिकेसारख्या देशात, एवढाले दवाखाने असताना, तो माणूस गेलाच कसा. मी आजवर काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आता तुमचीही मुलं परदेशी शिकायला निघालीत, तर एकदाचं सांगून टाकते.

आपल्याकडे धडधाकट पोराला धडधाकट म्हणत नाहीत. नजर लागते. अकोट भागातली कुठलीही आई घ्या, पोरगा जितका दणकट तितकी तिची तक्रार मोठी. याला काही पचत नाही, याच्या अंगीच लागत नाही, हा जगला तेच नवल. ऐकणारीलाही ते माहीत असतं, तीही चुकचुकते आणि आपल्या पोराचं त्याहून वाईट सांगते. माझी आई शहरात राहून हेच करायची. यात खोटं बोलणं असं काही नसतं, दाराला लिंबू-मिरची बांधावी तसं ते पोराला बांधलेलं असतं. घोळ एवढाच, की जन्मापासून ज्याच्या कानावर हे रोज पडतं तो ते खरं धरून चालतो. आमचे हे शेतकीचे पदवीधर, मातीचा कण न् कण ओळखणारे, पण आपलं पोट नाजूक आहे याबद्दल यांना तिळमात्र शंका नव्हती. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःच्या पोटाची माहिती आईकडून घेतलेली.

साठ साल उलटून गेलं होतं. कॅन्ससमधलं लहानसं युनिव्हर्सिटीचं गाव. सपाट जमीन, डोळे पोचतील तिथवर ज्वारी. ज्वारी पाहून मी हरखले, आणि ती तिथं गुरांना घालतात हे कळल्यावर दिवसभर यांच्याशी बोलले नाही. गावी आम्हाला दहा माणसांच्या घरात कोपरा मिळत नव्हता. इथं दोन खोल्यांचं अपार्टमेंट, गरम पाण्याचा नळ, भिंतीत हीटर, आणि बोलायला कुत्रं नाही. हे लॅबमध्ये. मी खिडकीत बसून स्नो बघायची आणि संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाज विसरून जायची.

रजिस्ट्रेशनच्या वेळीच फॉरेन स्टुडंट ॲडव्हायजरनं बजावलं होतं, परदेशी विद्यार्थ्याला हेल्थ इन्शुरन्स घ्यावाच लागतो, नाहीतर आजारपणात इथं कुणी उभं करणार नाही. यांना ते अभद्र वाटलं. धड असताना आजाराची सोय करून ठेवायची? मीच म्हटलं, घ्या हो, छत्रीही आपण कोरड्यातच विकत घेतो. सही झाली, पॉलिसी ट्रंकेत गेली, आम्ही विसरलो.

दुसऱ्या हिवाळ्यात यांना ताप येऊ लागला. उजव्या कुशीत दुखायचं. युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? आपल्याकडे डॉक्टरसमोर बसलं की माणूस जन्मापासून सुरुवात करतो, डॉक्टरही तेवढं सोडून देऊन पुढचं ऐकतो. यांनी तेच केलं. पोट माझं लहानपणापासूनच नाजूक आहे, म्हणाले. तिकडचा डॉक्टर काही सोडून देत नाही. त्यानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

लिव्हरमध्ये पू भरलेली गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि केलं तर माणूस उठून कामाला लागेल असं सर्जननं मला समोर बसवून सांगितलं. हे वाक्य मी नंतर किती वेळा घोळवलं असेल. हॉस्पिटलनं इन्शुरन्स कंपनीला विचारलं. कंपनीचं उत्तर आलं: पेशंटचा आजार त्याच्याच सांगण्याप्रमाणे बालपणापासूनचा, पॉलिसीच्या आधीचा आहे, सबब खर्च मिळणार नाही. व्हिसाच्या वेळी तपासणी झाली होती, पण ती छातीच्या एक्स-रेची. पोटाचं कुणी विचारलं नव्हतं.

मी कंपनीच्या ऑफिसात गेले. माझं इंग्रजी शाळेतलं, त्यात राग. टेबलामागच्या बाई भल्या होत्या, कॉफी दिली, ऐकून घेतलं. मी नजर समजावली, आया कशा बोलतात ते समजावलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांची आई खोटं बोलत आली, असं ना? तसं तुमच्या नवऱ्यानं लिहून दिलं तर आम्ही पुन्हा विचार करू."

मी धावत हॉस्पिटलात आले. मला वाटलं सुटलो. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मायले खोटारडी म्हनून लिहून देऊ?" म्हणाले. "काय बोलून राहिली तू?"

मी हात जोडले, रडले, तोंडाला येईल ते बोलले. माणूस हटला नाही. मायवर जीव होताच, पण त्याहून अवघड भाग असा, की त्यांच्या मते माय खरंच बोलत होती. मग ऑफिसातल्या बाईंनीच दुसरी वाट काढली: आईवडिलांनी दोघांनी वकिलासमोर लिहून द्यावं, की मुलगा लहानपणी निरोगी होता. मी त्याच दिवशी मामाजींना लिहिलं.

मामाजींनी लगोलग अकोटचा वकील गाठला. स्वतः सांगितलं, सही केली. सासूबाई बोलायला तयार होईनात. मामाजींचं पत्र आलं, त्यातल्या आत्याबाई म्हणजे सासूबाईच: "तुह्या आत्याबाई आयकत नाहीत. म्हनतात, धडधाकट होता असं मी आजवर बोलली नाही तं तो एवढा झाला. आता आजारी पडला असताना कशी बोलू? माह्या तोंडानं त्याले नजर लावू का?" घरातल्या सगळ्यांनी समजावलं. तालुक्याच्या डॉक्टरनं समजावलं. त्या देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या, जेवल्या नाहीत.

मला भयंकर राग आला त्यांचा. इतक्या लांबून, समुद्रापलीकडून, मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. आणि त्यांना काय वाटत असेल तेही मला कळत होतं, कारण मी त्याच मुलखातली. त्या आपल्या परीनं त्याला वाचवत होत्या. मी माझ्या परीनं. दोघींचं एकमेकींशी जुळेना आणि मधे तो माणूस पिवळा पडत चालला होता.

शेवटी कागद आला. वकिलानं इंग्रजी करून, शिक्का मारून पाठवलेला. वर मामाजींचं म्हणणं, स्वच्छ. खाली सासूबाईंचा अंगठा, आणि अंगठ्याच्या वर त्यांनी हट्टानं घालायला लावलेलं वाक्य: मुलगा लहानपणापासून पोटाचा नाजूकच होता, देवाच्या दयेनं जगला. यांनी तो कागद वाचला आणि हसले. "माय काही बदलायची नाही," म्हणाले. हसताना कूस दाबून धरली होती. मामाजींचा अर्धा भाग तेवढा चालेल का, म्हणून मी ऑफिसात विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कंपनीचं उत्तर पहिलंच राहिलं.

प्राध्यापकांनी आणि चर्चच्या बायकांनी ऑपरेशनचे पैसे जमवायला धावपळ सुरू केली होती. मी प्रत्येकीच्या दारात जाऊन उभी राहिले, लाज कधीच सोडली होती. त्याआधीच गाठ फुटली. मग हॉस्पिटलनं कुणाला न विचारता ऑपरेशन केलं, पण आता उशीर झाला होता. सर्जन बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली.

अस्थी घेऊन मी गावी गेले. आणि तुम्ही विचारता ना, की सासरमाहेर असताना ही बाई पुन्हा त्या परक्या मुलखात का गेली, तिथंच शिकून लायब्ररीत नोकरी का धरून बसली. सासरी माझं कुणी वाईट केलं नाही. मामाजींनी तर मुलीसारखं ठेवलं. सासूबाईंनीही मला एका शब्दानं दुखवलं नाही.

त्या सकाळपासून ओसरीवर बसायच्या. बाळापूरहून, अकोल्याहून, कुठून कुठून माणसं भेटायला यायची. आलेल्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, डोळे पुसत, पण आवाज मोठा करून, कुणालाही न भिता: "धडधाकट होता वो माहा पोरगा. पोट कधी दुखलं नाही त्याचं. लहानपनापासून दवाखान्याची पायरी चढला नाही." आता नजर लागायला काही उरलंच नव्हतं. मामाजी उठून गोठ्याकडे निघून जायचे. मी आत चुलीपाशी बसून ऐकायची. आम्हाला हवा होता तो शब्द न् शब्द, त्यांच्या स्वतःच्या तोंडून, दिवसभर, कुणी न मागता.

घर म्हटलं की मला अजून तीच ओसरी आठवते, दुसरी जागा नाही. पण त्या घरात मी पुन्हा राहू शकले नाही.