आत्याचा तुटका आवाज

परवा शुक्रवारी भर दुपारी, टेमघरला, आमच्या हॉलचे पडदे ओढून आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो... मी, दादा आणि आत्या. शुक्रवारी आजूबाजूचे कापडाचे लूम बंद असतात, त्यांची खडखड नसते, म्हणून मी मुद्दाम त्या दिवशी सुट्टी टाकली होती. गल्ली अगदी शांत होती.

त्याआधीचा आठवडा माझा फार वाईट गेला. ताईच्या हळदीला मी मैत्रिणीचा एचडी कॅमेरा मागून आणला होता. फोटोग्राफर नवरीला सोडत नाही, म्हणून मी ठरवून आत्याचं शूटिंग केलं.

आत्या आमच्याकडची धवलारीण... लग्नात विधींच्या वेळी धवले गाणारी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलींसाठी गातेय, पण स्वतःला गाताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

हौसेने तिला माझ्या कम्प्युटरसमोर बसवलं. सुटे पार्ट आणून मी स्वतः जोडलाय तो, माझा फार जीव त्याच्यावर! पण एचडी म्हटल्यावर त्याला धाप लागली. चित्र जरा पुढे जायचं, थबकायचं... आणि आवाज तर तुकड्यातुकड्यांनी यायचा.

मी आपली सेटिंग बदलत बसले. आत्या ऐकत होती. मग पदर सावरून उठली आणि म्हणाली, "माजा गला गेला गो बाय... कोनी सांगला न्हाय मना."

किती समजावलं, की दोष मशीनचा आहे! तिला वाटलं, मी तिची समजूत काढतेय. दहावीचे निकाल ज्याच्यावर बघतात तो कम्प्युटर कशाला खोटं दाखवेल? दुसऱ्या दिवशी कळलं, दापोड्याच्या एका लग्नाला तिने नाही म्हणून निरोप पाठवला... यापुढे गाणार नाही म्हणाली. मला रडूच आलं.

आता दादाकडे टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल आहे. त्याला मी कायम 'खेळणं' म्हणत आलेय, आणि त्यावरून आमची रोज जुंपते. तो म्हणाला, तुझा कम्प्युटर दहा कामं अंगावर घेतो आणि धापा टाकतो, माझं खेळणं एका वेळी एकच करतं, पण नीट करतं. साध्या डीव्हीडीवरसुद्धा एचडी बर्न करता येतं, वीसेक मिनिटं मावतात, आणि कन्सोल ती वाचतो... हेही त्यानेच शोधून काढलं.

पहिली डिस्क लोडशेडिंगने खाल्ली. दुसरीच्या वेळी उतू जाणाऱ्या दुधापाशी बसावं तशी मी बसून राहिले. गंमत म्हणजे चालवताना दमणाऱ्या माझ्या त्याच कम्प्युटरने बर्न मात्र निमूटपणे केलं.

तर शुक्रवारी आत्याला जवळजवळ ओढूनच आणलं. डिस्क आत गेली... आणि अंधारलेल्या हॉलमध्ये एकदम सगळं पिवळं झालं. ताईच्या गालावरची ओली हळद, मांडवाची हलणारी पानं, आणि मागे आत्या... कुठेही न थबकता गाणारी. इतका लांब, इतका सलग आवाज, की हळदीचा तो दिवस कुठे संपतो आणि ही दुपार कुठे सुरू होते, हेच मला कळेना.

आत्या स्क्रीनकडे थोडाच वेळ बघत होती. मग तिने डोळे मिटले आणि हळूच टीव्हीतल्या स्वतःबरोबर गायला लागली. दोन्ही आवाज एकाच जागी श्वास घेत होते. दादा आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो.

संपल्यावर दादाने पडदे उघडले. मग ती म्हणाली, "दापोड्याला फोन लाव. मी हाय म्हनून सांग."

फोन उचलला आणि मलाच लाज वाटली. घरातल्या प्रत्येक लग्नात ती गायली, आम्ही जेवून, नाचून घरी गेलो... 'आत्या, किती सुंदर गातेस' हे आमच्यापैकी कोणी तिला कधी म्हटलंच नव्हतं. म्हणून तर तिने एका मशीनचं ऐकलं.

नंबर फिरवण्याआधी मी तिला ते सांगितलं.