आमची रशियन: नुसती मनाई!

आम्ही प्लांटची जुनी मंडळी भेटलो की किस्से सुरू होतात, आणि घरून बोलावणं आल्याशिवाय थांबत नाहीत. त्यात रशियन क्लासचे किस्से तर दरवेळी नवे निघतात!

तेव्हा भिलाईत प्लांटचं बांधकाम जोरात होतं. रशियन एक्स्पर्ट लोकांच्या हाताखाली आम्ही काम शिकत होतो. म्हणून ड्यूटीनंतर सेक्टर २ मध्ये त्यांच्या भाषेचा क्लास भरायचा. शिकवायला दुभाषी वेराबाई. त्यांनी सुरुवातच मनाईपासून केली. हुकमाच्या आधी ‘नि’ लावायचं, की झालं! ‘त्रोगाय’ म्हणजे हात लाव, ‘नि त्रोगाय’ म्हणजे हात लावू नको.

"आधी जिवंत राहा, नमस्कार नंतर शिकू!" बाई म्हणायच्या.

नमस्काराचा धडा यायच्या आत आमची शिफ्ट बदलली. त्यामुळे आमच्या बॅचला रशियनमध्ये फक्त मनाई करता यायची, तीही अरे-तुरेत!

*

आमचा क्रेनवाला मधुकर एकदा रशियन लोकांच्या पार्टीला गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून हसत म्हणाला, "नि कुरी!" म्हणजे सिगारेट ओढू नको. सगळ्यांनी मुकाट्याने सिगारेटी विझवल्या. एवढा मान मधुकरला पुढे फोरमन झाल्यावरही मिळाला नाही.

*

माझा शेजारी नामदेव भंडाऱ्याकडचा. म्हाताऱ्या पावेलसाहेबांचा हेल्पर. एकदा तापलेल्या पत्र्याकडे त्याचा हात जाताना साहेब ओरडत धावले आणि त्याला मागे ओढलं. नामदेवचा हात वाचला, साहेबांची बाही जळाली. नामदेवच्या आईने ती बाही शिवून दिली आणि साहेबांना जेवायला बोलावलं.

पानात ठेचा होता. "नि त्रोगाय!" नामदेव ओरडला, पण उशीर झाला होता. साहेबांच्या डोळ्यांतून धारा!

"कावून रडून राह्यला हा बाप्पा?" आई घाबरली.

"नि प्लाच्, रडू नको," नामदेव साहेबांना समजावत होता. साहेबांनी डोळे पुसले आणि आणखी ठेचा मागितला.

*

मग साहेबांचा मायदेशी जायचा दिवस आला. नामदेवचे वडील तो लहान असतानाच वारले होते. साहेबांवर त्याचा फार जीव. वेराबाईंना गाठून त्याने शेवटची एक मनाई शिकून घेतली, ‘जाऊ नको’. आठवडाभर घोकली.

दुर्ग स्टेशनवर गाडी लागली. नामदेवने तोंड उघडलं, तोच आईने त्याचा दंड धरला. "निघालेल्या माणसाले टोकू नोको! अपशकून होते."

बिचाऱ्याची घोकलेली मनाई तोंडातच राहिली. तेवढं एकच त्याला सांगायचं होतं.

रशियन लोकांत निघण्याआधी घडीभर गप्प बसायची रीत आहे. साहेब आपल्या ट्रंकेवर बसले आणि नामदेवला ओढून शेजारी बसवलं. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला.

गार्डने शिट्टी फुंकली. तो नागपूरकडचाच होता. "चला साहेब, गाडी सुटून राह्यली ना!"

आई गार्डपुढे जाऊन उभी राहिली.

"थांब ना बाप्पा जरासा! बाप-लेक बसले हायेत."