न सांगता बसवलेला सेन्सर

जपानमधल्या तोयोहाशीच्या दक्षिणेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर इनागाकी नवराबायकोचं गाड्यांचं दुकान होतं. टायर, ऑइल, ब्रेक हे नोबोरूचं खातं. वायरिंग, बॅटरी आणि चोरांसाठीचे भोंगे बसवणं तोशिएचं. नोबोरू आल्यागेल्याला चहा पाजायचा आणि तोशिए आल्यागेल्याच्या गाडीचा नंबर ध्यानात ठेवायची.

"हिला पोस्टमनचाही संशय येतो," नोबोरू गिऱ्हाइकांना सांगायचा. "परवा विचारत होती, हा रोज आपल्याच दारात कसा काय येतो!"

तोशिए हसायची नाही. काही वर्षांपूर्वी एक गोडबोल्या तरुण दुकानात आला होता. भोंगा कुठे लपवता, वायर कुठून नेता, असं त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, आणि तिनेही शिष्याला शिकवावं तसं सगळं सांगितलं. त्यानंतर तिनेच भोंगे बसवलेल्या तीन गाड्या एकामागून एक गेल्या. एकीनेही हूं की चूं केलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण रस्त्यात भेटल्यावर लोकांच्या माना पूर्वीसारख्या वाकेनात. तेव्हापासून तिने जिभेला कुलूप घातलं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी हिरामात्सु सेइजी आपली नवीकोरी दांडगी जीपगाडी घेऊन आला. आत्सुमीच्या बाजूला त्याची शेवंतीची काचघरं होती. साठी उलटलेली, बायको वारलेली, घरी मुलगा आणि सून. असल्या गाड्यांवर चोरांचा फार डोळा, म्हणून भोंगा हवा होता.

"गाडी उभी कुठे असते?" तोशिएने विचारलं.

"घरामागे शेडमध्ये."

"जवळून रेल्वे जाते? मोठे ट्रक?"

"छे. शांत जागा आहे."

"गाडीत कुत्रंमांजर बसतं?"

"बाई, भोंगा बसवायचाय की माझं लग्न जुळवायचंय?"

नोबोरू खो खो हसला. तोशिएने मान वर केली नाही. "विचारावंच लागतं. रुळांजवळ राहणाऱ्या माणसाच्या गाडीत धक्क्याचा सेन्सर नाजूक ठेवला, तर तो दर लोकलला बोंब मारतो. आतली हालचाल टिपणारा असतो, तो कुत्रं असलं की बसवायचाच नाही. आणि तिसरा, गाडी कलली की ओरडणारा—"

"तो नको," हिरामात्सु मध्येच म्हणाला.

"तोच तर हवा. हल्लीचे चोर काच फोडत नाहीत. गाडीचं एक टोक अलगद उचलतात आणि ओढून नेतात. ना धक्का, ना आवाज."

"नको म्हटलं ना! बाकीचे दोन बसवा. आणि गाडी ओरडली तर खबर माझ्याच मोबाइलवर यायला हवी. घरी नाही. मुलाकडे तर नाहीच नाही."

तोशिएने मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. गाडी उचलून नेलेली कळू नये, आणि घरच्यांना खबरही लागू नये, असं कुठल्या मालकाला वाटतं? ज्याला विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या गाडीची चोरी स्वतःच घडवून आणायची आहे, त्याला!

तरी काम तिने चोख केलं. भोंगा तिच्या नेहमीच्या पद्धतीने कुणाला सापडणार नाही असा लपवला. धक्क्याचा सेन्सर गाडीच्या मधोमध, पक्क्या लोखंडाला आवळून बसवला, म्हणजे चारही बाजूंचा धक्का सारखाच कळतो. मग तळव्याने दार थोपटत, काचेवर बोटं वाजवत ती स्क्रू केसाकेसाने फिरवत राहिली. हलक्या टिचकीला गप्प, मुठीला भोंगा. आतल्या सेन्सरसाठी काच जरा खाली करून तिने हात आत घातला. गाडी किंचाळली तशी तिला बरं वाटलं.

आठवडाभराने हिरामात्सु परत आला.

"धक्क्याचा जरा कमी करून द्या. उगाच ओरडतो."

"कुठे ओरडतो?"

"शेडमध्येच. आणखी कुठे?"

"रेल्वे नाही, ट्रक नाही, तरी?"

"वारा असेल," तो म्हणाला आणि नोबोरूकडे चहाला जाऊन बसला.

तोशिए टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. शेवंतीवाल्याच्या गाडीला चिखल असावा. इथे तर लोखंडावर समुद्राच्या पाण्याचा खार धरला होता. चारही टायरांवर पिवळे ओरखडे होते, मागूनपुढून, एका उंचीचे. चाकाखाली ठोकळे ठासून गाडी जखडली की असे ओरखडे उठतात, आणि गाडी अशी जखडतात ती जहाजात. चोरीच्या गाड्या समुद्रापार जातात हे तिने ऐकलं होतं.

तिने नोबोरूला कोपऱ्यात ओढलं. "अहो, हा माणूस जहाजाच्या भानगडीत आहे."

"तो शेवंत्यांच्या भानगडीत आहे. मी विचारलंय. पांढऱ्या लावतो."

"मग शेडमध्ये थरथरतं काय?"

"तू," नोबोरू म्हणाला. "संशयाने."

तो ऐकत नाही म्हटल्यावर तोशिएने तिच्या आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. धक्क्याचा सेन्सर कमी केला आणि सीटच्या खाली, गालिच्याआड, कल ओळखणारा सेन्सर जोडून दिला. मालकाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. गाडी कुणी उचलली, तर आता ती सगळ्या मुलखाला सांगेल.

पुढच्या बुधवारी दुपारी गाडी कचकन ब्रेक लावून दुकानासमोर थांबली. हिरामात्सुचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता.

"बाई, मी तुम्हाला काय नको म्हटलं होतं?"

तोशिएच्या हातातली पकड तशीच राहिली.

"बोटीवर होतो! इरागोहून तोबाला जाणाऱ्या फेरीबोटीवर! बोट बंदराबाहेर निघाली आणि डुलायला लागली, तशी खाली ही बया ओरडायला लागली. प्रवासात गाड्यांच्या डेकवर कुणाला उतरू देत नाहीत. रिमोट तिथवर पोचत नाही. थांबली की लाट, लाट आली की बोंब! तासभर! शेवटी कर्ण्यावरून माझ्या गाडीचा नंबर पुकारला. अख्खी बोट माझ्याकडे बघत होती, आणि त्यात सुनेची मावशी!"

"बोटीवर नेता हे सांगायचं होतं," तोशिए कसंबसं म्हणाली. "एका बटणाने तेवढ्यापुरता बंद होतो."

"आणि बसवलाय हे तुम्ही सांगायचं होतं!"

तोशिएने पकड खाली ठेवली.

हिरामात्सु मटकन खुर्चीत बसला. नोबोरूने चहा पुढे केला तसा त्याचा आवाज उतरला. तोबाला नोए नावाची बाई बोटीच्या धक्क्याजवळ कालवं भाजून विकते. तिचाही नवरा गेलेला. दर बुधवारी फुलबाजाराला जातो सांगून हा तिच्याकडे जातो, पेट्या उचलू लागतो, जेवतो, परत येतो. आज ती धक्क्यावर हात हलवत उभी होती आणि मावशी मागेच होती. मावशीने तिथूनच घरी फोन लावला, आणि मुलाचा पहिला फोन आला तेव्हा हिरामात्सुच्या ताटातलं कालव तसंच राहिलं होतं.

"मी चोर वाटलो तुम्हाला?" त्याने विचारलं.

"हो," तोशिए म्हणाली आणि कमरेतून वाकली. बराच वेळ ती वर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आत्सुमीला गेली. हिरामात्सुचा मुलगा तोमोनोरी काचघराच्या दारात हात बांधून उभा होता. तोशिएने काही न लपवता सांगितलं. सेन्सर तिने चोरून बसवला, वडिलांनी नको म्हटलं होतं, आणि तिला ते चोर वाटले होते.

"म्हणजे तुम्हालाही संशय आला होता?" त्याने विचारलं.

"आला होता. तुम्हाला कसला आला होता?"

त्याने हात सोडून शेजारच्या रोपाच्या कळ्या खुडायला घेतल्या. "बुधवारी उशिरा यायचे. जेवत नसत. विचारलं की चिडायचे. मला वाटलं, मोठा आजार निघालाय आणि आमच्यापासून लपवून दवाखान्यात जातायत. रात्ररात्र झोप नव्हती मला." मग तो एकदम हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "कालवं खात होते! आईला जाऊन सहा वर्षं नाही झाली आणि हे कालवं खात होते!"

राग काही लगेच गेला नाही. हिवाळाभर बापलेक कामापुरतंच बोलले. सून मात्र बुधवारी सासऱ्याच्या गाडीत शेवंत्यांची एक जुडी ठेवू लागली, काही न बोलता. कल ओळखणारा सेन्सर हिरामात्सुने काढायला लावला नाही. बोटीवर चढताना कुठलं बटण दाबायचं ते तोशिएने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.

मार्चमध्ये तो नोएला घेऊन दुकानात आला. कालवांची पेटी खाली ठेवून ती उभी राहिली, ठेंगणी, उन्हाने रापलेली. तोशिए तिच्याकडे पायांतल्या रबरी बुटांपासून डोक्यावरच्या रुमालापर्यंत बघत राहिली.

"अगं, निदान बस तरी म्हण त्यांना," नोबोरू कुजबुजला.

"बघू द्या हो," नोए म्हणाली. "मीही ह्या बाईंना बघायलाच एवढा समुद्र ओलांडून आलेय."